ज्यूरीत बसायचं कुणी?

अमेरिकेत साध्या माणसाच्या घरी कोर्टाचं समन्स येतं. आरोपी म्हणून नाही, निवाडा करायला. मतदारांच्या आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या याद्यांतनं नावं चिठ्ठ्या उचलाव्यात तशी निघतात. वाचायला झकास वाटतं. पण कोर्टात गेलं की चाळण सुरू होते. वकील प्रश्न विचारतात. पूर्वग्रह दिसला तर कारण देऊन नाव काढता येतं, आणि काही नावं कारण न सांगताही काढता येतात. सगळा खेळ त्या बिनकारणी कात्रीत आहे.

१९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराचा खून झाला. त्या कौंटीत काळ्यांची वस्ती जास्त, पण मतदारयादीत एकही काळा नाही. म्हणून ज्यूरीतही नाही. बारा गोऱ्या पुरुषांनी तासा-सव्वातासात दोघा गोऱ्यांना निर्दोष सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली.

१९८६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं बॅटसन खटल्यात सांगितलं, वंश बघून नाव कापायचं नाही. मग काय झालं? १९८७ साली जॉर्जियात टिमोथी फॉस्टर या काळ्या तरुणावर खुनाचा खटला चालला. सरकारी वकिलांनी पात्र ठरलेली चारही काळी माणसं काढली. त्यांचे कागद पुढं बाहेर आले. यादीत काळ्यांच्या नावांवर हिरवा रंग फासलेला, बाजूला इंग्रजी ‘बी’. कोर्टात मात्र कारणं भलतीच. चौतीस वर्षांची एक काळी बाई काढली, तर म्हणे तिचं वय आरोपीच्या वयाच्या जवळचं. आरोपी एकोणीसचा. आणि एकवीस वर्षांचा गोरा ज्यूरीत बसलेला! २०१६ साली सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. मधे एकोणतीस वर्षं गेली.

फॉस्टरनं खून केला की नाही, हा इथं माझा प्रश्न नाही. गुन्हेगार असला तरी त्याचा निवाडा करणाऱ्यांत त्याच्या वस्तीचं कुणी नको, हे कोण ठरवतं?

इथंच ‘निःपक्षपाती’ हा शब्द मला दाताखाली खड्यासारखा लागतो. ज्यानं मार खाल्ला, तो पक्षपाती. ज्यानं वाड्याच्या ओट्यावर बसून नुसता बघितला, तो तटस्थ. का? ओट्यावरच्या माणसाची पण एक बाजू असतेच की. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची म्हणून चालत आली, त्यामुळं तिला कुणी बाजू म्हणत नाही.

आपल्याकडं ज्यूरी राहिली नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नौदलाच्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं. हायकोर्टानं ते फिरवलं, १९६१ साली सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम केली. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पण पंच उरले. पोलीस झडती घेतात तेव्हा पंच म्हणून त्या भागातले ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ रहिवासी लागतात. २०२३ च्या नव्या संहितेतही ती अट तशीच. आता सांगा, गावात प्रतिष्ठित कोण? फौजदार गावात आला की चहा कुणाच्या घरी पितो?

ज्यूरी गेली म्हणून न्याय आला असंही नाही. खैरलांजीत २००६ साली एका घरातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. जात दिसलीच नाही. हे ज्यूरीनं नाही, न्यायाधीशानं केलं.

आमच्या सूतगिरणीतला एक मित्र रात्रपाळीत म्हणाला, मग आपला न्याय आपल्याच माणसांनी करावा. मला नाही पटत. जातपंचायत म्हणजे आपलीच माणसं की! तिनं किती पोरापोरींना वाळीत टाकलं. २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही. बारा आपले आंधळे होऊ शकतात, जसे बारा त्यांचे. बाकात वेगवेगळ्या वस्त्यांची माणसं असली तर निदान एक जण विचारतो, हे असं का? आणि बाकीच्यांना उत्तर द्यावं लागतं. मला हवा तो एवढा अडथळा.

त्यातही पोटाचा प्रश्न आहेच. अमेरिकेत केंद्राच्या कोर्टात ज्यूररला दिवसाला पन्नास डॉलर मिळतात. नोकरीवरनं काढता येत नाही, पण मालकानं पगार द्यावा असा केंद्राचा कायदा नाही. म्हणजे रोजंदारीवाला अडचण सांगून सुटका मागणार. मग मागं कोण उरतं ते बघा.

मित्र म्हणतो, तरी पण ज्यूरी परत यावी. मी त्याला विचारलं, यादी कोण करणार? तो गप्प. इथं तर हिरव्या रंगाचीही गरज नाही, आडनाव पुरतं. तरी उद्या समन्स आलं तर मी खाडा टाकून जाईन. आरोपी पाटलाचा पोरगा असला तरी जाईन आणि आपल्या वस्तीतला असला तरी जाईन. दुसऱ्या वेळी पाय जड होतील, हे मला आत्ताच कळतंय.