मुळांभोवतीची माती

ज्याच्यावर आपले प्रेम आहे ते आपल्याजवळ असावे, असे प्रत्येकाला वाटते. त्यात वावगे काय आहे? मलाही त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. एका रानवेलीने मला तो प्रश्न स्वतःला विचारायला लावला.

पावसाळा सरत आला की आपल्या सह्याद्रीत रानजाई फुलते. पुण्याजवळचा सिंहगड चढताना किंवा महाबळेश्वरच्या वाटेवर तुम्ही ती नक्की पाहिली असेल. झुडपांवर पांढऱ्या चांदण्यांची चादर पसरावी तशी ती दिसते. काही लोक तिला मोरवेलही म्हणतात, आणि तिच्या इतर बहिणींनाही तेच नाव आहे. थंड देशांत बागेची शोभा म्हणून वाखाणली जाणारी ‘क्लेमॅटिस’ ती हीच, निदान तिच्याच कुळातली. गंमत अशी की ज्यांना आपण तिच्या पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नाहीत. ती फुलाची बाहेरची दले आहेत. फुले गळली की प्रत्येक बीला पिसासारखी मऊ शेपटी येते आणि वारा तिला उडवून नेतो.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी मी मित्रांबरोबर सिंहगडावर गेलो होतो. ती वेल पाहिली आणि मन भरले नाही. ही आपल्या अंधेरीच्या खिडकीत फुलली तर किती छान, असे वाटले. इकडेतिकडे पाहिले आणि एक कोवळी वेल मुळासकट उपटली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. राखीव वनातून रोप उपटणे हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होते. पण एका वेलीने काय बिघडते, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. चौथ्या मजल्यावरच्या ग्रीलमध्ये चांगली मोठी कुंडी ठेवली, खत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. तिसऱ्या आठवड्यात ती वाळून गेली.

आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिने काडी उपटून पाहिली आणि तिच्या कादोडीत म्हणाली, त्याचा अर्थ असा: “मुळे नागडी करून आणलीस. वर कितीही पाणी घाल, ती कशी जगेल?”

ती झाडाविषयीच बोलत होती. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमचे मूळ घर वसईचे. आईचा जन्म वाडीत गेला. पहाटे तीनला उठून विजेरीच्या उजेडात मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात पोहोचवायच्या, हा तिचा नेम. वडील वारल्यावर आम्ही भावंडांनी बसून ठरवले की आईने आता एकटे राहू नये. अंधेरीला लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत, चर्च चालत जाण्यासारखे आहे. सारे खरे होते. एका रविवारी गाडी घेऊन गेलो आणि दोन पिशव्यांसह तिला घेऊन आलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आमचे कौतुक केले. आजकालची मुले आईला विचारत नाहीत, तुम्ही घरी नेता, असे म्हणाले. त्यातला ‘विचारत नाहीत’ हा शब्द मला पुढे फार टोचला. कारण विचारले आम्हीही नव्हते.

अंधेरीत आईला काहीच कमी नव्हते. पण ती हळूहळू बोलेनाशी झाली. नातवंडांना तिची बोली कळत नसे. स्वयंपाकघरात गेली की माझी पत्नी प्रेमानेच म्हणे, “आई, तुम्ही बसा.” आयुष्यभर उभी राहिलेली बाई खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहू लागली. पहाटे तीनला तिला जाग येई, पण खुडायला कळ्या नसत. आम्ही म्हणत असू, वय झाले. वर पाणी घालत होतो, मुळांकडे कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतर मी रानजाईविषयी वाचले, जाणत्या माळ्यांना विचारले. या वेलीला डोके उन्हात हवे आणि पाय सावलीत. बुंध्याशी चपटे दगड किंवा नारळाच्या शेंड्या अंथराव्यात, नाहीतर एखादे ठेंगणे झाड लावावे, म्हणजे मुळे थंड राहतात. माझी कुंडी तापलेल्या भिंतीला टेकून होती. तिला पाण्याचा निचरा हवा. मी चिखल केला होता. ती आपल्या पानांच्या देठांचा विळखा घालून चढते, म्हणून आधार सुतळीसारखा बारीक हवा. मी जाड बांबू रोवला होता. तिच्या देठांना तो धरताच येत नव्हता. आधार नव्हता असे नाही. तो तिच्या मापाचा नव्हता. आणि मुख्य म्हणजे, ज्याला ती हवी त्याने वेल उपटू नये. रोपवाटिकेतून बी किंवा रोप मिळवावे आणि बी रुजायला काही महिने लागले तरी धीर धरावा.

यावरून कोणी म्हणेल, जे जिथे आहे ते तिथेच राहू द्यावे, हलवणे हेच पाप. पण तसेही नाही. क्लेमॅटिसचीच गोष्ट पाहा. आपल्या हिमालयातली मोंटाना नावाची जात १८३१ साली इंग्लंडात पोहोचली. तिथे नेण्याचे श्रेय माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्या पत्नीला दिले जाते. परक्या देशात ती इतकी रमली की आज तिथल्या घरांच्या भिंतीच्या भिंती ती झाकून टाकते. कारण तिला हवी तशी थंडी तिथे मिळाली. उलट, तिकडच्या मोठ्या फुलांच्या जाती कोणी हौसेने मुंबईत लावल्या तर त्या बहुधा निराश करतात. त्यांना हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, आणि आपल्याकडे थंडीतही रात्रीचा पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली उतरतो. त्यात त्यांचा दोष नाही आणि मुंबईचाही नाही.

आपल्या अंधेरीतही अशी एक स्थलांतराची कथा आहे. कोंडिविट्याचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइटांनी १५७९ साली बांधले. त्याच्या भिंती आज सीप्झच्या कुंपणात उभ्या आहेत. १८४० च्या सुमारास तिथे साथ आली आणि लोकांना ती जागा सोडावी लागली. पण ते रिकाम्या हातांनी निघाले नाहीत. मूर्ती, वेदी, बाप्तिस्म्याचे कुंड आणि घंटा त्यांनी मरोळच्या नव्या चर्चमध्ये आणल्या. ज्या कुंडात बापजाद्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यातच पुढच्या लेकरांचा व्हावा. ज्या घंटेने आजीला हाक दिली, तिनेच नातीला द्यावी. माळी रोप हलवताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देत नाही. त्या लोकांनी तेच केले.

आता माझी दुसरी चूक सांगतो. आईचे दुःख ध्यानात आल्यावर मला इतका पश्चात्ताप झाला की मी लगेच ठरवले, तिला वसईला परत न्यायचे. घर साफ करून घेतले, सोबतीला एक बाई पाहिली, भावाला कळवले. मग मोठ्या मनाने आईला सांगितले, “आई, पुढच्या आठवड्यात तुला वाडीत सोडतो.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तिथे आता कोण आहे? मी जाते म्हणून कोणाला सांगितले?”

मी पहिल्यांदा न विचारता आणले होते, आणि आता न विचारता परत पाठवायला निघालो होतो. पश्चात्तापातही मी माझाच भार हलका करत होतो. त्या दिवशी प्रथमच मी तिच्याजवळ खाली बसून विचारले, “तुला काय हवे?” तिने फार विचार केला नाही. उत्तर तिच्याजवळ तयारच होते. वाडीतला एक मोगरा तिच्या हाताने काढून आणायचा, मातीसकट. आठवड्यातून दोनदा मासळी तिने करायची, तिच्या मसाल्याची. महिन्यातून एक रविवार गावच्या मिस्साला जायचे. आणि तिच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे द्यायची. एवढेच. किल्लीचे ऐकून मला फार लाज वाटली.

इथे एक अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. प्रत्येक वेळी विचारता येतेच असे नाही. लहान मुलाला औषध हवे का असे विचारून आपण थांबत नाही. ज्यांची स्मृती गेली आहे अशा वृद्धांना उत्तर देता येत नाही. कधी विचारल्यावर मिळालेले उत्तर आपल्याला पाळताही येत नाही. पैसा नसतो, जागा नसते, नोकरी दूर असते. मग विचारण्याला काय अर्थ? मला वाटते, विचारणे म्हणजे सांगितलेले सारे करणे नव्हे. समोरच्याचे एक स्वतःचे जगणे आहे आणि ते आपल्याला आधीच ठाऊक आहे असे आपण धरून चालत नाही, एवढे त्यातून कबूल होते. आणि ज्याला बोलता येत नाही त्यालाही विचारता येते. माळी वेलीला विचारतोच की! पान पिवळे का पडले, शेंडा कुठे वळतो, माती किती ओली आहे, हे तो रोज पाहतो. त्याचे ते पाहणे हेच विचारणे.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडत होता. त्याला काय हवे हे कोणालाही कळले असते. तरी येशूने त्याला जवळ बोलावून, तुला काय हवे, असे विचारले. पूर्वी मला हा प्रश्न अनावश्यक वाटे. आता वाटते, दृष्टी देण्याआधी प्रभूने त्याला मान दिला. वाटेवरचे लोक तर त्याला गप्प राहा म्हणून दटावत होते. आपल्या घरातले म्हातारे, आजारी, गावाहून कामाला आणलेली मुलगी, सासरी नवी आलेली सून, यांच्यासाठी आपण पुष्कळ करतो. पण त्यांना विचारतो का?

आईचा मोगरा ग्रीलमध्ये तीन पावसाळे फुलला. पहाटे ती चार-पाच कळ्या खुडून मारियामाऊलीच्या तसबिरीपुढे ठेवी आणि उरलेली एखादी नातीच्या केसांत माळी. नात थोडी कादोडी शिकली. आई आता नाही. मोगरा आहे, आणि त्याच्या बुंध्याशी वसईची माती आहे. सिंहगडावर मी अजूनही जातो. रानजाई फुललेली असते. जरा वेळ तिच्यापाशी उभा राहतो आणि रिकाम्या हातांनी खाली उतरतो.

आज मिस्साहून घरी गेल्यावर आपल्या माणसांपैकी एकाजवळ बसा आणि त्याला काय हवे ते विचारा. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे वाटत असेल, तर जरूर विचारा.