मुकुट कोणाचा, आनंद कोणाचा?

ज्या विजयासाठी आपण घामाचा थेंबही गाळलेला नसतो, त्या विजयाने मन इतके उचंबळून का येते? आणि ज्या पराभवात आपले कवडीचेही नुकसान नसते, त्या पराभवाने रात्रीची झोप का उडते? प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. पण तो अंतःकरणाच्या एका अंधाऱ्या खोलीकडे नेतो, असा आमचा अनुभव आहे.

२२ मे १९९४ चा रविवार आम्हांला आठवतो. पेंटेकॉस्टचा सण होता. आम्ही तेव्हा सेमिनरीचे विद्यार्थी; उन्हाळी सुटीत घरी आलो होतो. मिस्सा आटोपून बाहेर पडलो, तर चर्चच्या आवारात वर्तमानपत्राभोवती तरुणांचा घोळका जमलेला. आदल्या दिवशी मनिला येथे सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स ठरली होती आणि हा मान भारताला प्रथमच लाभला होता. “आपण जिंकलो!” कोणीतरी म्हणाले, आणि आम्हीही तो शब्द सहज उचलला. आपण! त्या युवतीच्या परिश्रमांत आमचा वाटा काय होता? काहीच नाही. तरीही दिवसभर आमची पावले जमिनीवर नव्हती.

अशा स्पर्धा असाव्यात की नसाव्यात, हा वेगळा वाद आहे. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली, तेव्हा तो आपल्या देशात पुरेसा रंगला. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो मंचावरील युवतींचा नव्हे, तर मंचासमोर बसलेल्या चाहत्याचा.

चाहत्याचे ते ‘आपण’ पाप नव्हे. आपुलकीच्या धाग्याने माणूस दुसऱ्याच्या सुखदुःखाशी बांधला जातो, ही तर ईश्वराची देणगी. पण त्या रविवारी आमच्याकडून एक गोष्ट राहून गेली. मनिलाच्या मंचावर दुसरी कोण उभी होती, हे विचारायचे आम्हांला सुचलेच नाही. ती होती कोलंबियाची कॅरोलिना गोमेझ. कोलंबियाला पहिला मुकुट १९५८ साली मिळाला होता. त्यानंतरच्या दीर्घ प्रतीक्षेत १९९२, १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ तीन वर्षे त्या देशाची युवती दुसरी आली. आमचा आनंद ज्या क्षणी फुलला, त्याच क्षणी दूर कुठेतरी तिसऱ्यांदा मने कोमेजली. आणि आम्ही तर नुकतेच देवळात ऐकून आलो होतो की, पवित्र आत्म्याने नाना देशींच्या लोकांना एकत्र आणले!

पुढे २० डिसेंबर २०१५ रोजी लास व्हेगास येथे जे घडले, ते अनेकांच्या स्मरणात असेल. सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वी यांनी कोलंबियाच्या आरियादना गुतिएरेझचे नाव पुकारले. मुकुट चढला, कोलंबियात जल्लोष झाला. काही मिनिटांतच हार्वी परत आले आणि आपण चुकलो, विजेती फिलिपिन्सची पिया वुर्ट्झबाख आहे, असे सर्वांसमक्ष सांगून त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. आरियादनाच्या मस्तकावरचा मुकुट उतरवण्याचे काम आदल्या विजेत्या पाउलिना वेगाला करावे लागले. आणि तीही कोलंबियाचीच!

दोन्ही देश बहुसंख्येने कॅथलिक आहेत. नाताळापूर्वीचे ते नऊ दिवस दोन्हीकडे नोव्हेनाचे असतात. फिलिपिन्समध्ये पहाटे मिस्सा होतात, तर कोलंबियात कुटुंबे गोठ्यापाशी जमून प्रार्थना करतात. म्हणजे एकाच बाळाची वाट पाहणाऱ्या दोन घरांपैकी एका घरी हर्ष आणि दुसऱ्या घरी आक्रोश. काहींचा संताप तर त्या निरपराध पियावरही बरसला.

संत थॉमस अक्वायनस यांनी येथे एक सूक्ष्म भेद केला आहे. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही म्हणून वाईट वाटणे, हा मत्सर नव्हे. त्यातून चांगला ध्यासही जन्मू शकतो. परंतु दुसऱ्याचे भले झाल्याने आपला मोठेपणा उणावला, असे वाटून जे दुःख होते, तो मत्सर. कोलंबियाच्या चाहत्याचे अश्रू पहिल्या प्रकारचे असतील, तर त्यांची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या अश्रूंचे पियाविषयीच्या रागात रूपांतर झाले, तिथे उंबरठा ओलांडला गेला. आणि फिलिपिन्सच्या चाहत्याने आरियादनाची खिल्ली उडवली असेल, तर त्यानेही तोच उंबरठा उलट दिशेने ओलांडला.

एक योगायोग आम्हांला चटका लावून गेला. हार्वी यांनी नंतर क्षमायाचनेचा संदेश लिहिला, त्यात फिलिपिन्सचे नाव चुकले आणि तिथे बायबलातील ‘फिलिप्पैकर’ अवतरले! लोक हसले. पण याच फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलाने, केवळ स्वतःचे हित न पाहता दुसऱ्याचेही पाहावे, असा उपदेश केला आहे. आणि पुढे त्या भाविकांनाच त्याने आपला आनंद आणि आपला मुकुट म्हटले आहे. पौलाचा मुकुट म्हणजे दुसरी माणसे. तो त्याच्या डोक्यावरून कोण उतरवणार?

वाचकहो, लास व्हेगास दूर आहे. पण नाताळातली गोठ्यांची स्पर्धा आपल्या दाराशी आहे. निकालानंतर दोन आळ्यांमधला अबोला शिमग्यापर्यंत टिकलेला आम्ही पाहिला आहे. पाळण्यातल्या बाळाचे नाव घेऊन सुरू झालेली स्पर्धा शेजाऱ्याला शांतीचा हात देण्याआड येते, तेव्हा दोष परीक्षकांचा असो वा नसो, हरलेलो असतो आपण सगळेच.

हरलेल्याला रडू द्यावे, जिंकलेल्याने हसावे. मात्र हसता हसता एकदा मागे वळून, दुसरी कोण उभी आहे, एवढे पाहावे. आम्हांला कॅरोलिना गोमेझ हे नाव विचारायला कित्येक वर्षे लागली. तुम्हांला तेवढी लागू नयेत.