शलमोनाचे मागणे



गिबोन येथे परमेश्वराने शलमोनाला स्वप्नात दर्शन देऊन हवे ते मागण्यास सांगितले (१ राजे ३). त्याने दीर्घायुष्य, धन वा शत्रूंचा नाश मागितला नाही. ऐकणारे अंतःकरण मागितले. पुढे एका बाळावरून भांडणाऱ्या दोन स्त्रिया आल्या, तेव्हा दोघींचे ऐकूनच त्याने न्याय केला.

आपण मात्र निकाल आधी ठरवून प्रार्थनेला बसतो. जमिनीच्या वाटणीवरून भावाशी अबोला असतो आणि नोव्हेनात आपण मागतो, त्याचे मन बदलावे! स्वतःचे मन बदलण्याची कृपा मागायला आपण घाबरतो.

या आठवड्यात रोजच्या जपमाळेनंतर पाच मिनिटे शांत बसूया. प्रभूचे ऐकूया, आणि मग भावाचे ऐकायला त्याच्या दारी जाऊया.