आधी पाणी

मासा आजारी पडला की माणसं आधी औषधाचं नाव विचारतात. माझ्याकडे काचेची टाकी आहे हे मंगळवेढ्यातल्या मुलांना ठाऊक आहे, म्हणून ती मोबाइलवर फोटो घेऊन येतात. गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतोय, पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात थांबलाय, शेपटीची कड झिजून पांढरी पडलीय. "काका, याला काय टाकायचं?" मी विचारतो, टाकीत पाणी कुठलं आहे? नळाचं, बोअरचं, की जारचं? मुलांना वाटतं, मी विषय बदलतोय. पण बहुतेक वेळा आजाराचं मूळ त्या उत्तरातच सापडतं.

माशाच्या शरीरातला नायट्रोजनचा टाकाऊ भाग अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत माशाला त्याच पाण्यात श्वास घ्यावा लागतो. उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया पचवणारे जीवाणू असतात. काही त्याचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना बरंच सोसतं. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जीवाणू मातीतून वेगळे काढले. आपल्या काळ्या रानातही ते आहेत. शाळूच्या मुळांना मिळणारं नायट्रेट त्यांच्याच कामातून येतं. टाकीत ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वस्ती करतात. ती वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वाढदिवसाला आणलेल्या टाकीत त्याच संध्याकाळी मासे सोडले जातात, तेव्हा हे आठवडे जीवाणूंना मिळत नाहीत. पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि मासे मरतात. लोक म्हणतात, दुकानदारानं रोगट मासे दिले.

आमच्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. बोअरचं पाणी क्षाराचं. भांड्याला, बादलीला पांढरा थर धरतो. असं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या पीएचवर ठरतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे घाण तेवढीच, विष दहापट. उन्हाळ्यात पाणी तापलं की हा भाग आणखी वाढतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. म्हणून आमच्या भागात टाकीची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते.

यावर उपाय म्हणून काही जण पिण्याच्या जारचं पाणी घालतात. हेतू प्रेमाचा असतो, तरी मला हाच प्रकार सगळ्यात धोक्याचा वाटतो. जारच्या, क्षार काढून टाकलेल्या पाण्यात पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही. जीवाणूंच्या कामानं हळूहळू आम्लता वाढते, मग जीवाणूच मंदावतात आणि अमोनिया साचत जातो. आम्लतेमुळे तो बिनविषारी रूपात राहतो, मासे बरे दिसतात. मग एक दिवस जार मिळत नाही, कोणी बोअरचं पाणी ओततं, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. ओतणाऱ्याला वाटतं, बोअरच्या पाण्यानं मासे मेले. मारलं ते आधीच साचलेल्या अमोनियानं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. खाद्य दोन दिवस बंद. मोठा गोल्डफिश एवढं सहज काढतो. एअर पंप चालू. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, तेही त्याच तापमानाचं. जारच्या टाकीत मात्र नवं पाणी थोडं थोडं, पीएच बघत. नळाच्या पाण्यात टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचा, वास असेल तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचं किंवा त्यात हायपोचे खडे विरघळवायचे. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. क्लोरीननं आपले जीवाणू मरतात. आणि टाकी रिकामी करून घासायची तर मुळीच नाही. नायट्राइट वाढलं असेल तर लिटरला एक ग्रॅम मीठ घालावं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही, रक्त तपकिरी पडतं. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यातून आत शिरायला अडवतं.

औषधाला माझा विरोध नाही. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले तर तो परजीवी असतो, त्याला औषध हवंच. ते फक्त पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या अवस्थेवर चालतं, म्हणून ठिपके गेल्यावरही काही दिवस द्यावं लागतं. पण झडलेल्या शेपटीमागचे जीवाणू पाण्यात नेहमीच असतात. मासा खचला की ते चढाई करतात. तिथं पाणी न सुधारता प्रतिजैविक ओतलं, तर फिल्टरमधली वस्तीही मरू शकते. द्यायचंच तर मासा वेगळ्या बादलीत काढून द्यावं.

नळ कधी येईल याची वाट बघणाऱ्या तालुक्यात माशांसाठी पाणी बदलावं का, हा प्रश्न मला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. माझ्या टाकीतलं काढलेलं पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला जातं. त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. त्यापेक्षा मोठी बचत मासे कमी ठेवण्यात आहे. चार माशांच्या टाकीत दोनच राहिले तर पाणी निम्म्यानं कमी बिघडतं. ज्यांना तेही जमत नसेल त्यांनी टाकी घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो.

कंटाळलेले लोक उरलेले मासे माचणूरला भीमेत नेऊन सोडायचं बोलतात, तेव्हा मात्र मी त्यांना थांबवतो. शोभेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा भीमेवरच्या उजनी धरणात पसरला आहे. त्याच्या काटेरी पंखांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याचा भार त्या जलाशयावर आधीच आहे. आजारी मासा नदीत सोडला तर त्याचा रोगही नदीत जातो. असे मासे मी माझ्याकडे घेतो, आणि इतर माशांत मिसळण्याआधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो.