पाय कोठे ठेवावे?

एखाद्या पदार्थाला निर्दोष ठरविताना दोषाचे माप कोठवर लावले, हे सांगितल्याशिवाय विधान पुरे होत नाही. 'हरित द्रावक' या संज्ञेची अडचण नेमकी हीच आहे. द्रावक म्हणजे ज्यात इतर पदार्थ विरघळवून अभिक्रिया घडवितात ते माध्यम. टोल्युईनसारखी द्रावके हवेत उडून जातात, म्हणून रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष आयनिक द्रवांकडे, म्हणजे केवळ धन व ऋण आयनांनी बनलेल्या आणि १०० अंश सेल्सिअसखाली वितळणाऱ्या क्षारांकडे, वळले. पाण्यावाचून पातळ असलेले मीठ विलक्षण वाटते खरे, परंतु पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्येच १२ अंशांना वितळणाऱ्या एथिलअमोनियम नायट्रेटचे वर्णन केले होते.

अशा द्रवांत करून पाहिलेली एक क्रिया म्हणजे नियंत्रित बहुवारिकीकरण. लहान रेणू जोडून लांब साखळ्या, म्हणजे बहुवारिके, बनविणाऱ्या या क्रियेत वाढत्या साखळीचे टोक आळीपाळीने सक्रिय व निद्रिस्त राहते, आणि त्यामुळे सर्व साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या होतात. हॅडलटन, सेडन या रसायनशास्त्रज्ञांनी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही क्रिया तांब्याच्या संयुगाच्या साहाय्याने इमिडॅझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या वर्गातील एका आयनिक द्रवात घडवून आणली. तयार झालेल्या बहुवारिकात तांबे फारच थोडे उतरले. मात्र ते बहुवारिक वेगळे काढण्यासाठी दुसरे द्रावक वापरावेच लागले.

आयनिक द्रव जवळजवळ उडत नाही, हा त्याचा गुण निर्विवाद आहे. पण हवेत न जाणे म्हणजे कोठेच न जाणे नव्हे. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्याच्या संपर्काने हळूहळू विघटित होऊन हायड्रोजन फ्लुओराइड देऊ शकते, आणि लांब कर्बशृंखला असलेले अनेक इमिडॅझोलियम क्षार जलचरांना घातक ठरतात.

येथे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथशी जोडलेली विसोबा खेचरांची आख्यायिका उपयोगी पडते. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी, आक्षेप घेणाऱ्या नामदेवांना, देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवण्यास सांगितले. नामदेव पाय नेतील तेथे पिंडी उमटत गेली. आख्यायिकेतले सर्वव्यापित्व भक्तीचे आहे आणि येथील प्रश्न टाकाऊ द्रवाचा, म्हणून दृष्टांत फार ताणू नये. तरी 'बाहेर' नावाची रिकामी जागा गृहीत धरण्याची सवय दोन्हींकडे एकच आहे. अनास्तास व वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांपैकी पाचवे तत्त्वही द्रावकासारखे साहाय्यक पदार्थ शक्यतो टाळावेत, आणि वापरावेच लागल्यास ते निरुपद्रवी असावेत, असेच सांगते. याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीत असणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते शुद्ध स्वरूपात काढताना या तत्त्वाचा पहिला भाग पाळणे अवघड होते आणि सारा भार दुसऱ्या भागावर येऊन पडतो.