चारशे फुटांचा परवाना

शेतजमिनींची आणि डोंगरउतारांची हवाई छायाचित्रे काढून देण्याचा व्यवसाय करणारे माझे एक स्नेही परवा संतापून म्हणाले, "कायद्याने मला चारशे फुटांपर्यंत मुभा दिली आहे, मग हे यंत्र शंभर फुटांवर अडून बसते, ते कोणाच्या हुकमाने?" मुळशीकडच्या एका अरुंद खोऱ्यात, दोन्ही अंगांना उभे कडे असताना, उपग्रहांचे संकेत क्षीण असल्याची सूचना पडद्यावर झळकवून त्यांच्या ड्रोनने तीस मीटरांच्या वर चढण्याचे नाकारले होते, आणि ठरलेले काम तसेच राहिले होते. तक्रार धंद्यातली होती. परंतु एखाद्याच्या हालचालीला हद्द घालण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोणत्या आधारावर, हा राज्यशास्त्रातला पुरातन प्रश्नच तिच्या पोटात दडलेला असल्यामुळे ती माझ्या मनातून जाईना.

उपग्रहांवरून स्थान कसे निश्चित होते हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. दोनच गोष्टी ध्यानात असाव्यात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा जीपीएसचा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचे सामर्थ्य इतके उरलेले असते, की एका वॉटचा कोटीवा भाग घ्यावा, त्याचा पुन्हा कोटीवा, आणि त्याचाही शंभरावा. दुसरी गोष्ट अशी, की हे सारे गणित काळाचे आहे. मोजणीत एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. पडद्यावर उपग्रहांची संख्या वीस दिसली म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नसतो, कारण ते वीसही जर दोन कड्यांमधल्या आकाशाच्या एकाच पट्टीत दाटलेले असतील, तर त्यांच्या रेषा परस्परांना इतक्या अरुंद कोनात छेदतात की स्थानाचा बिंदू पसरट होऊन जातो. संकेताचा दर्जा म्हणजे त्याचे बळ, त्याची शुद्धता आणि उपग्रहांची आकाशातली मांडणी, हे तिन्ही मिळून.

मला नेहमीच असे वाटत आले आहे, की मर्यादा दोन जातींच्या असतात: एक हुकमाची आणि दुसरी ज्ञानाची. आपल्याकडील २०२१ च्या ड्रोन नियमांनी हरित, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटरांची, म्हणजे ४०० फुटांची, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात ६० मीटरांची जी कमाल उंची ठरवून दिली, ती पहिल्या जातीची. माणसे वाहून नेणारी विमाने, उतरण्या-चढण्याची वेळ सोडल्यास, सामान्यतः पाचशे फुटांच्या खाली येत नाहीत. तेव्हा त्यांच्या आणि ड्रोनांच्या मध्ये थोडे रिकामे आकाश राखावे, एवढाच त्या आकड्याचा हेतू. खोल दरीत आणि मोकळ्या माळावर, निरभ्र सकाळी आणि मळभ आलेल्या दुपारी, तो आकडा तोच राहतो. दुसऱ्या जातीची मर्यादा मात्र परिस्थितीगणिक बदलते. 'मला माझे ठिकाण नेमके कळत नाही, सबब मी दूर जाणार नाही' असे यंत्र जेव्हा म्हणते, तेव्हा ती हद्द त्याच्या स्वतःच्या अज्ञानाच्या मापाने आखलेली असते. या दोहोंत दुसरी श्रेष्ठ, असेच माझे मत होते, आणि त्याच मताने मी माझ्या स्नेह्यांशी वाद घालू लागलो.

त्यांचा पक्ष मालकीचा होता. यंत्र मी विकत घेतले, परवाना सरकारने दिला. मग या दोहोंच्या मध्ये कारखानदाराने तिसरा पहारेकरी का बसवावा? आपल्या म्हणण्याला त्यांनी एक दाखलाही दिला. डीजेआय या चिनी कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या ड्रोनांवरील निषिद्ध क्षेत्रांचा सक्तीचा अटकाव काढून टाकला आणि त्याच्या जागी केवळ इशारा ठेवला. निर्णय चालकाच्या हाती सोपवला. दाखला खरा आहे, पण तो त्यांच्या उपयोगाचा नाही. निषिद्ध क्षेत्राची हद्द ही हुकमाची हद्द असल्यामुळे ती पाळण्याची जबाबदारी चालकावर टाकता येते. पण आपण कोठे आहोत हेच ज्याला कळत नाही, त्याने कोणती हद्द ओलांडली हे तरी त्याला कसे कळावे? उपग्रहांचा आधार तुटला की कायद्याची सगळी क्षेत्रे, हरित, पीत आणि लाल, यंत्राच्या दृष्टीने एकदमच पुसली जातात. मालकीहक्काचा त्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. जी वस्तू दुसऱ्याच्या डोक्यावरून उडते तिच्यावरील मालकी शेतातल्या विहिरीवरील मालकीसारखी निर्वेध असू शकत नाही.

तथापि या वादात माझ्याच लक्षात एक गोष्ट आली, जी माझ्या आवडत्या भेदाला अडचणीची ठरली. ड्रोन आपली उंची मुख्यत्वे उपग्रहांवरून मोजतच नाही. तो ती हवेच्या दाबावरून, उड्डाणाच्या जागेपासून मोजतो. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा नेहमीच अधिक सदोष असते, कारण सारे उपग्रह वरच असतात आणि खालच्या बाजूचे पृथ्वीआड जातात. मग आडवे स्थान हरवले म्हणून उभ्या चढण्यावर बंदी का? कारण असे की संकेत नसले तर यंत्राला आधार उरतो तो पोटाखालच्या कॅमेऱ्याचा. त्याला जमिनीवरच्या खुणा ठळक दिसतात तोवरच ते एका जागी स्थिर राहू शकते, आणि त्या दिसेनाशा झाल्या की वारा नेईल तिकडे सरकत जाते. काही लहान ड्रोनांच्या पुस्तिकेत म्हणूनच पुरेशा उजेडात तीस मीटर आणि अपुऱ्या उजेडात अवघे दोन मीटर अशी मर्यादा दिलेली आहे. उंचीची म्हणून सांगितलेली ही मर्यादा वस्तुतः परत येण्याच्या खात्रीची आहे. आणि उलट बाजूने पाहावे, तर दाबावरून मोजलेले १२० मीटर सह्याद्रीच्या कड्यावरून दरीकडे झेपावताच जमिनीपासून कित्येक पटींनी वाढतात, तरी पडद्यावर १२० हाच आकडा राहतो.

येथे थोडे आडवाटेला जाणे मला आवश्यक वाटते, कारण संकेत बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण दरीत नसून आकाशात, सूर्याच्या उद्रेकांनी ढवळल्या जाणाऱ्या विद्युतभारित थरात, म्हणजे आयनांबरात, असते, आणि त्या आकाशाचा अभ्यास आपल्या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून चालू आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात जे वादळ उसळले, त्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली; तेथील आडव्या चुंबकबलातली घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती, आणि त्या वादळाची तीव्रता ठरवताना आजचे शास्त्रज्ञही त्या नोंदीचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडेल, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ती अलिबागला हलवण्याची तजवीज केली. चुंबकीय द्रव्य कटाक्षाने वगळून बांधलेल्या त्या इमारतीत १९०४ पासून नोंदी होऊ लागल्या, आणि जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवण्यात आले. शहराला ट्राम मिळावी आणि विज्ञानाची अखंडताही तुटू नये, अशी ही दूरदृष्टी मला अत्यंत आदरणीय वाटते. आज ड्रोनचालक उड्डाणापूर्वी चुंबकीय खळबळ दाखवणारा, शून्य ते नऊ या श्रेणीतला जो के-पी निर्देशांक पाहतात, तो अशाच चुंबकीय नोंदींचे अपत्य होय. १० मे २०२४ रोजी तो नऊवर गेला तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर शेतातच थांबवावे लागले. परंतु आपल्या अक्षांशांवर केवळ या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आयनांबरात विरळ द्रव्याचे बुडबुडे वर चढतात आणि त्यांच्यामधून येणारे संकेत थरथरतात, मग के-पी आकडा कितीही शांत असो.

आता मूळ वादाकडे. ज्ञानातून आलेली मर्यादा श्रेष्ठ, हे माझे म्हणणे त्या पुस्तिकेतल्याच एका कलमाने डळमळीत केले. यंत्र चालू केल्यानंतर संकेत एकदा का सबळ झाले, की तीस मीटरांची अट उठते, आणि पुढे ते क्षीण झाले तरी ती पुन्हा लागू होत नाही. म्हणजे ज्ञानाची खातरजमा आरंभी एकदाच होते. नंतरचे उड्डाण त्या जुन्या दाखल्यावर चालते. याहूनही गंभीर गोष्ट अशी, की यंत्राला संकेताची दुर्बलता कळते, त्याचा खोटेपणा कळेलच असे नाही. कड्यावर आपटून आलेला प्रतिध्वनीसदृश संकेत, किंवा कोणी हेतुपुरस्सर पाठवलेला बनावट संकेत, हा सबळही असू शकतो. अमृतसर-जम्मूच्या सीमाभागात प्रवासी विमानांनाही असे खोटे संकेत मिळाल्याच्या नोंदी आहेत. ज्या क्षणी यंत्र सर्वाधिक फसलेले असते, त्याच क्षणी त्याला सर्वाधिक मुभा मिळण्याचा संभव असतो. अशा वेळी, परिस्थितीकडे न पाहणारा म्हणून मी ज्याला कनिष्ठ लेखत होतो, तो ४०० फुटांचा आंधळा आकडाच अधिक भरवशाचा ठरतो, कारण तो आकाशाच्या साक्षीवर अवलंबून नाही; आणि ड्रोन चालकाच्या नजरेच्या टप्प्यात राहिला पाहिजे ही शिस्तही त्याच कारणाने भरवशाची ठरते, कारण माणसाच्या डोळ्याला उपग्रह लागत नाही. अंतिम निर्णय चालकाचा असावा, हे माझ्या स्नेह्यांचे म्हणणे मी आता मान्य करतो. मात्र तो त्याच्या मालकीमुळे नव्हे, तर जबाबदारी अखेर त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही म्हणून.

तेव्हा कारखानदारांनी 'संकेत क्षीण' एवढेच न सांगता अट कोणत्या कारणाने लागली, ती केव्हा उठली आणि उठल्यावर पुन्हा का लागणार नाही, हे चालकाला त्याच्या भाषेत स्पष्ट कळवावे. दूरस्थ वैमानिकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी कायद्याच्या कलमांबरोबर आयनांबराचे आणि दाबमापकाचे पाठही द्यावेत. आणि खोऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येक चालकाला माझी विनंती आहे, की शक्य तर मोकळ्या जागेवरून उड्डाण करावे, परतीचे ठिकाण नोंदले गेल्याचा संदेश येईपर्यंत थांबावे, आणि दरीवरून जाताना पडद्यावरच्या उंचीत दरीची खोली स्वतः मिळवून पाहावी.