बिघडविण्याचा अधिकार

परीक्षा आटोपून शाळांस उन्हाळ्याची सुटी लागली, कीं घरोघरीं एक जुनाच वाद नव्यानें सुरू होतो. कोणी म्हणतो, वर्षभर जुंपलेल्या मुलांस आतां तरी मोकळें सोडावें; कोणी म्हणतो, दीड महिना उनाडण्यांत गेला तर जूनमध्यें पाढेसुद्धां आठवावयाचे नाहींत. या वादावर तोड म्हणून शहरांतून उन्हाळी शिबिरें निघालीं आहेत. मुलांनीं माती मळावी, कागद कातरावा, बीं पेरावें आणि हें करितां करितां शिकावें, असा त्यांचा हेतु सांगण्यांत येतो. तो आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु हातांनीं शिकविणें ही केवळ अध्यापनाची एक युक्ति नव्हे. तींत नीतीचा एक प्रश्न गुंतलेला आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितका होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हातांच्या शिक्षणाचा विशेष कोणता? पुस्तकांतील गणिताचें उत्तर चुकलें, हें मुलास दुसऱ्या कोणीतरी सांगावें लागतें. सांगणारा रागीट असेल, दयाळू असेल, कंटाळलेला असेल. आणि मूल लवकरच उत्तराऐवजीं सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहूं लागतें. मातीपाशीं हें चालत नाहीं. सात वर्षांच्या मुलीनें पणती केली आणि तिची कड फार पातळ राहिली, तर ती वाळतांना तडकते. मातीनें त्या मुलीचा अपमान केलेला नसतो, आणि तिची भीडही धरलेली नसते. दुसरी पणती करितांना तिचा अंगठा आपोआप जपून चालतो. निकाल, कारण आणि उपाय हीं तिन्ही तिला एकाच ठिकाणीं सांपडलेलीं असतात.

आमच्याकडील उन्हाळा तर अशा निकालांचें भांडारच आहे. अंगणांत एक काठी सरळ उभी रोवावी आणि तिच्या सावलीचें टोक दर दहा मिनिटांनीं खडूनें टिपीत जावें. 'बारा वाजतां सूर्य माथ्यावर येतो' असें मुलानें ऐकलेलें असतें. मुंबईंत हा उद्योग मे महिन्यांत करून पाहणाऱ्यास आढळतें, कीं घड्याळांत बारा वाजून गेले तरी सावली आखूडच होत आहे. ती सर्वांत आखूड होते ती साडेबारा उलटल्यावर. कारण आपली प्रमाणवेळ मुंबईच्या बरेंच पूर्वेस असलेल्या रेखावृत्तावरून ठरलेली आहे. मेच्या मध्याच्या सुमारास तर मुंबई-पुण्याकडे एके दिवशीं भर दुपारीं ती सावली काठीच्या बुडाशीं नाहींशीच होते. किनाऱ्यावरील मुलानें पसरट ताटांत एक लिटर समुद्राचें पाणी उन्हांत ठेविलें, तर पाणी आटून सुमारें ३५ ग्रॅम क्षार खालीं उरतात. या गोष्टी सांगूनही कळतात. परंतु थोरांच्या तोंडचें वाक्य एका काठीनें दुरुस्त केलें, हें ज्या मुलानें स्वतः पाहिलें, त्यास सत्याचा आधार कोठें शोधावयाचा याचा पहिला धडा मिळाला.

हें तत्त्व नवें नाहीं. फ्रोबेलनें १८३७ सालीं जर्मनींत आपल्या बालोद्यानाचा पाया घातला, आणि मुलांच्या हातीं चेंडू, लांकडी गोल, घन व नळकांडीं दिलीं. १९०७ सालीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत मारिया माँटेसरी यांनीं पहिलें बालगृह उघडलें. लांकडी ठोकळ्याच्या खांचांत लहानमोठीं नळकांडीं बसविण्याचें त्यांचें एक साधन आहे. एखादें नळकांडें भलत्याच खांचेंत गेलें, कीं शेवटीं एक कोठेंच बसत नाहीं, आणि मुलास आपली चूक आपणच दिसते. शिक्षिकेनें तोंड उघडण्याचें कारण पडत नाहीं. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणास आरंभ केला, तेव्हां महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पानें आणि खडे यांनीं घेतली.

इतकें असतांना आज पुष्कळ शिबिरांतून काय घडतें? शेवटच्या दिवशीं पालकांसाठीं प्रदर्शन मांडावयाचें असतें. मग पणतीची वांकडी कड शिकविणाऱ्या बाईच सारखी करितात, तिरपा चिकटलेला कागद उचकटून पुन्हा चिकटवितात, आणि मुलाच्या हातून फक्त शेवटचा रंग लागतो. घरीं आईबापही हेंच करितात, आणि तें प्रेमानें करितात. परंतु त्या सुबक वस्तूवर मुलाचें नांव लिहिलें गेलें, कीं मूल दोन गोष्टी शिकतें : आपलें खरें काम दाखविण्याच्या लायकीचें नव्हतें, आणि दुसऱ्याचें काम आपलें म्हणून खपवितां येतें. पहिलीनें त्याचा उत्साह खचतो, दुसरीनें त्याचें शील. परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहींत डोकावणाऱ्या मुलास आपण शिक्षा करितों. येथें तेंच कृत्य आपण त्याच्याकडून करवून घेतों आणि वर टाळ्या वाजवितों.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. जिन्नस वाया घालविणें हाही दोषच नव्हे काय? अन्नास पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजांत मुलांस नासधूस करूं द्यावी काय? याचें उत्तर आमच्या आज्यांनीं केव्हांच देऊन ठेविलें आहे. उन्हाळ्यांत पापड लाटतांना भोंवतीं घुटमळणाऱ्या नातवंडाच्या हातीं त्या पिठाची एक लाटी देत. तिचा पापड होवो, चेंडू होवो, अगर ती परस्पर पोटांत जावो, तिचा हिशेब कोणी विचारीत नसे. मात्र दुसरी लाटी मिळत नसे. मर्यादा सामग्रीला होती, परिणामाला नव्हती. काटकसर आणि स्वातंत्र्य यांचा याहून चांगला मेळ आम्हांस माहीत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या देशांत असंख्य मुलांचे हात लहानपणापासून राबतच आले आहेत. त्यांस हस्तोद्योगाची थोरवी सांगणें ही क्रूर थट्टा नव्हे काय? १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं उद्योगद्वारां शिक्षणाची कल्पना मांडली, आणि मुलांच्या कामाच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च निघावा असेंही सुचविलें, तेव्हां अशीच शंका निघाली होती. शिक्षणाचा हेतु मागें पडून उत्पन्नावरच भर दिला जाईल, हा धोका झाकिर हुसेन समितीनेंही आपल्या अहवालांत मान्य केला होता. या वादांतून आम्हांस एक कसोटी मिळते. सूत विकलेंच गेलें पाहिजे असें ठरलें, कीं मुलास तें तोडण्याची मुभा राहत नाहीं. आणि ती मुभा गेली, कीं शिक्षण संपून मजुरी सुरू होते.

ताराबाईंचें कार्य १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं शाळाच कुरणांत नेली. त्या मुलांच्या हातांस कामाची वाण नव्हती. परंतु गुरूं हरवलें, पिकांत शिरलें, तर त्या चुकीची किंमत सारें घर भरतें. आमच्या मतें त्या कुरणशाळेनें मुलांस दिलेली सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे जेथें चुकलें तरी चालतें अशी जागा.

म्हणून सुटींत मुलास माती द्यावी कीं कागद, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. दिलेली वस्तु त्यानें बिघडविली तर आपण काय करणार, हें आधीं ठरवावें. आणि आपला हात आवरण्याची तयारी नसेल, तर मुलास खुशाल उनाडूं द्यावें, त्यांत नुकसान कमी आहे. पण येवढ्यानें आमचें कर्तव्य संपत नाहीं. कायद्यानें मनाई असतांही याच उन्हाळ्यांत कोठेंतरी चहाच्या दुकानांत तितक्याच वयाचें एक मूल कपबशा विसळीत असतें, आणि त्याच्या हातून बशी फुटली तर त्याचा पगार कापला जातो. चुकण्याची मुभा हा जर शिक्षणाचा प्राण असेल, तर ती एका मुलास मिळावी आणि दुसऱ्यास मिळूं नये, हा केवळ त्या दुसऱ्याच्या दारिद्र्याचा प्रश्न राहत नाहीं. तो आमच्या न्यायबुद्धीचाही प्रश्न होतो.